खदानीत कुठं उभं राहायचं: दगडाच्या कामावर नव्याने जाणाऱ्यांसाठी

सोयाबीन विकून झालं, कापसाची वेचणी संपत आली की आपल्याकडची बरीच घरं रिकामी होतात. कुणी कोयता घेऊन ऊसतोडीला जातं, कुणी पुण्याला बांधकामावर, आणि काही पोरं जवळच्या खडी केंद्राचा रस्ता धरतात. घराजवळ काम, रोजची हजेरी, शिक्षणाची अट नाही. मीही असाच आलो. जालन्याजवळच्या एका खदानीत डबर म्हणजे मोठे दगड फोडण्यापासून सुरुवात केली, मग कॉम्प्रेसरवर सुरुंगासाठी होल मारले, आणि आता मेट म्हणून माणसांवर लक्ष ठेवायचं काम करतो. बावीस वर्षं झाली.

या बावीस वर्षांत जे अपघात डोळ्यांनी पाहिले, त्यातल्या बहुतेकांत माणूस काही अवघड काम करत नव्हता. तो चुकीच्या जागी उभा होता, बसला होता किंवा झोपला होता. दगड फोडायला तुम्ही आठ दिवसांत शिकाल, ते कुणीही शिकवतं. कुठं उभं राहायचं हे मात्र कुणी नीट बसून सांगत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

कामावर जाण्याआधी: उचल घेण्याच्या आधीचे प्रश्न

मुकादम घरी येतो, उचल देतो आणि तारीख सांगून जातो. पैसे हातात पडले की माणूस प्रश्न विचारत नाही, आणि कामावर गेल्यावर तर अजिबात नाही. ‘पैसे फिटले नाहीत अजून’ ही भीती हेल्मेट मागू देत नाही, सैल कड्याखाली जायला नाही म्हणू देत नाही. म्हणून जे विचारायचं ते उचल घेण्याच्या आधी विचारा. आणि उचल घेतलेली असली तरी, कर्जापोटी माणसाला कामावर डांबून ठेवणं हा १९७६च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे, हे डोक्यात ठेवा.

पहिला प्रश्न, तिथं सुरुंग लावतात का. दुसरा, खदान किती खोल आहे. तिसरा, माणसं किती. हे तीन प्रश्न मी उगाच निवडलेले नाहीत. दगड, मुरूम अशा गौण खनिजाच्या छोट्या खाणींना १९५२च्या खाण अधिनियमातल्या बऱ्याच तरतुदींतून सूट आहे, पण ती केव्हा? खोदकाम सहा मीटरपेक्षा खोल नसेल, कुठल्याही एका दिवशी पन्नासपेक्षा जास्त माणसं कामावर नसतील आणि स्फोटकं वापरली जात नसतील, तेव्हाच. यातली एक अट मोडली तरी सूट संपली. मराठवाड्यातला काळा दगड सुरुंगाशिवाय निघत नाही, त्यामुळे खडी केंद्राला दगड पुरवणारी जवळजवळ प्रत्येक खदान पूर्ण कायद्याखाली येते. मालक ‘आपली छोटी खदान आहे, आपल्याला नियम नाहीत’ म्हणाला, तर तो चुकीचं सांगतो आहे. आता हा कायदा २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहितेत सामावला गेला आहे, पण मालकाची जबाबदारी त्यामुळे कमी झालेली नाही.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. लोक म्हणतात, ‘तहसीलदार साहेब येऊन गेले, सगळं तपासून गेले.’ तहसील आणि जिल्ह्याचं खनिकर्म कार्यालय प्रामुख्याने परवाना आणि रॉयल्टी बघतं, म्हणजे किती ब्रास दगड काढला आणि पैसे भरले का. कामगाराच्या जिवाची तपासणी खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे असते. ते केंद्र सरकारचं खातं आहे, मुख्यालय झारखंडात धनबादला. रॉयल्टीची पावती असलेली खदान सुरक्षित असतेच असं नाही.

मग आपल्याबद्दलचे प्रश्न. नाव हजेरीच्या रजिस्टरमध्ये लागणार का? कामाला लावण्याआधी डॉक्टरी तपासणी आणि छातीचा एक्स-रे होणार का? नाव रजिस्टरला लागलं नाही तर उद्या अपघात झाल्यावर ‘हा आमचा माणूसच नाही, रस्त्याने जात होता’ असं म्हणायला मोकळीक राहते. मी हे ऐकलेलं आहे. रजिस्टरच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा. रोज कामावर गेल्यावर खदानीचं ठिकाण दिसेल असा एखादा फोटो काढायची सवय लावली तरी पुढे उपयोग होतो.

अठरा वर्षांखालच्या पोराला खाणीत कामाला लावता येत नाही. सूट असलेल्या छोट्या खाणीलाही वयाची अट लागूच आहे. घरातला सतरा वर्षांचा मुलगा बापाच्या जागी चार दिवस जातो, असं चालतं आपल्याकडे. ते करू नका.

पहिली सकाळ

पायात चप्पल घालून खदानीत उतरू नका. जाड तळव्याचे, पुढे लोखंडी टोपी असलेले बूट द्यायची जबाबदारी मालकाची आहे, हेल्मेटही त्याचंच. हेल्मेटची पट्टी हनुवटीखाली बांधा. नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट वर बघितलं की पडतं, आणि तुम्हाला दिवसभर वर बघायचं आहे.

काम सुरू करण्याआधी दहा मिनिटं खदानीच्या काठाने चाला. उतरायचा रस्ता कुठून, पळायचा रस्ता कुठून, बार म्हणजे भरलेला सुरुंग उडताना आडोसा कुठला, पाणी कुठं, गाड्या कुठून मागे येतात. कुणाला तरी सोबत घ्या आणि विचारा, ‘इथं याआधी दगड कुठं पडला?’ जुन्या माणसांना ती जागा माहीत असते. ते बोट करून दाखवतील.

कडा

इथं मी जरा थांबणार आहे, कारण माणसं सगळ्यात जास्त इथं जिवानिशी जातात.

आपला दगड लाव्ह्याचा, थरावर थर बसलेला. वरून पाहिलं तर अखंड वाटतो, पण उभ्या कड्याकडे नीट बघा. सगळ्यात वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मुरमात अडकलेले दगडाचे गोल गुंड, आणि मग खाली पक्का दगड. त्या गुंडांचं वरचं साल कांद्याच्या पाकळीसारखं सुटत असतं. मुरूम ओला झाला की गुंडाची पकड सुटते आणि तो घरंगळतो. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं विटेसारखा लाल पट्टा दिसतो. तो मऊ असतो, पाण्याने खचतो, आणि त्याच्यावरचा टणक दगड मग लोंबत राहतो. लाल पट्टा दिसला की त्याच्या वर काय लटकलंय ते आधी बघा. पक्क्या दगडातही उभ्या चिरा असतात. एखादी चीर काल केसाएवढी होती आणि आज तिच्यात बोट जातं आहे, तर तो भाग निघायच्या बेतात आहे.

मी ज्यांच्याकडून शिकलो ती वडार समाजातली म्हातारी माणसं होती. ते पहार घेऊन दगडावर ठोकायचे आणि कान देऊन ऐकायचे. खण्ण असा आवाज आला तर दगड मागच्या खडकाला धरून आहे. भद्द आवाज आला तर मागे पोकळ आहे, तो सुटलेला आहे. तीस वर्षं काम केलेला माणूसही रोज सकाळी हे ठोकून बघायचा. हे शिकून घ्या, पण एकट्याने करू नका. सैल दगड पाडायचा तो वरून, बाजूला उभं राहून, लांब पहारेने, कमरेला दोर बांधून, आणि खाली कुणी नाही याची खात्री करून. खालून पहार घालून वरचा दगड पाडायला जाणारा माणूस त्याच दगडाखाली येतो.

कायद्यातले आकडेही पाठ ठेवण्यासारखे आहेत. माती, मुरूम अशा भुसभुशीत थरात कडा ४५ अंशांपेक्षा उभा नको, नाहीतर दीड मीटरपेक्षा उंच नसलेल्या पायऱ्या हव्यात आणि पायरीची रुंदी उंचीपेक्षा कमी नको. टणक दगडात एका पायरीची उंची सहा मीटरच्या वर जायला नको. सहा मीटर म्हणजे साधारण वीस फूट, दुमजली घराएवढं. काठापासून तीन मीटरच्या आत झाड, सुटा दगड, मलब्याचा ढीग काही ठेवायचं नाही. आणि कड्याच्या पायथ्याला खालून पोखरून वरचा भाग लोंबता ठेवायला सक्त मनाई आहे.

ही शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त मोडली जाते, कारण पायथ्याचा दगड काढायला सोपा. पोकलेन खालून ओरबाडतं, वरचं आपोआप येईल म्हणून. वेरूळच्या कैलास लेण्याबद्दल ‘आधी कळस, मग पाया’ असं आपण कौतुकाने म्हणतो. डोंगर वरून खाली कोरत आणला तो कारागिरांनी, आणि तोही हाच दगड. वरून खाली येणं ही दगडात काम करायची रीत आहे. खदानीतही पहिला वरचा मातीचा थर मागे सारायचा, मग मुरूम, मग दगड. चाळीस-पन्नास फुटांचा सरळ उभा कडा आणि खाली माणसं, असं चित्र तुम्हाला पहिल्या दिवशी दिसलं तर त्या खदानीत राहायचं का, याचा विचार त्याच दिवशी करा.

पहिला पाऊस पडून गेला की दुसऱ्या सकाळी कडा तपासल्याशिवाय कुणीही खाली जायचं नाही. बार उडाल्यावर तसंच. चार दिवस सुट्टी झाली, पोळा-दसरा करून माणसं परत आली, तरी तसंच.

सावली

मराठवाड्याच्या खदानीत एप्रिल-मे महिन्यात दुपारी झाड नसतं, छत नसतं. परभणी, नांदेडकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि काळा दगड त्याच्याहून तापतो. अशा वेळी सावली फक्त दोन ठिकाणी असते. एक कड्याच्या पायथ्याला, दुसरी उभ्या टिप्परखाली. आणि दोन्ही ठिकाणी माणसं मरतात.

मी कामाला लागून दीड महिना झाला होता. दुपारी भाकरीचं फडकं सोडून कड्याला पाठ लावून बसलो. आमच्या खदानीतली एक मावशी खडी चाळायची, तिने लांबून आवाज दिला, ‘ए पोरा, ऊठ तिथनं! जेवण काय पळून चाललंय का?’ मी कंटाळत उठलो, तिच्याजवळ जाऊन बसलो, पहिला घास घेतला. मी बसलो होतो तिथं संध्याकाळपर्यंत काहीही पडलं नाही. चौथ्या दिवशी मात्र त्याच जागी, त्याच वेळी, घमेल्याएवढे तीन तुकडे आले. खाली त्या दिवशी कुणी नव्हतं, कारण मावशीने आम्हा सगळ्यांनाच हाकलून दिलेलं होतं. तेव्हापासून मी नव्या माणसाला एक माप सांगतो. कडा जेवढा उंच, निदान तेवढं अंतर सोडून बसा, आणि पाठ कड्याकडे करू नका, तोंड करा.

टिप्परखाली झोपणाऱ्याचं तर सांगायलाही जड जातं. ड्रायव्हर चहा पिऊन येतो, गाडी चालू करतो, खाली कुणी असेल हे त्याच्या मनातही येत नाही. म्हणून गाडीच्या खाली तर नाहीच, गाडीला टेकूनही बसायचं नाही. मागे येणाऱ्या हायवाच्या, म्हणजे मोठ्या टिप्परच्या, मागे आणि डाव्या बाजूला ड्रायव्हरला जवळचं काही दिसत नाही. तुम्हाला त्याचा आरसा दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही.

उपाय साधा आहे. कड्यापासून आणि गाड्यांच्या वाटेपासून लांब चार बांबू रोवून वर हिरवी जाळी किंवा पत्रे टाकायचे. हजार-दोन हजारांत काम होतं. मालकाने केलं नाही तर सगळ्यांनी मिळून मागा. एकट्याने मागितलं तर ‘नवा आहे, नखरे करतो’ म्हणतात, पंधरा जणांनी मागितलं तर जाळी येते.

उन्हाचं काम सकाळी लवकर उरकून दुपारी बारा ते चार मोकळं ठेवता आलं तर उत्तम. तहान लागायची वाट न बघता अर्ध्या-पाऊण तासाला पाणी प्या. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलं की घरचं जलसंजीवनी तयार होतं. एखाद्याचा घाम थांबला, अंग तापलं, तो असंबद्ध बोलायला लागला तर तो उष्माघात आहे. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ला फोन लावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

बार

होलात जिलेटीनच्या कांड्या भरणं, टोप्या म्हणजे डेटोनेटर जोडणं, बार उडवणं हे परवाना असलेल्या ब्लास्टरचं काम. तुम्हाला कुणी ‘जरा ही कांडी धर, ही वायर ओढ’ म्हणालं तर नाही म्हणा. खदानीतल्या सगळ्या नकारांत हा सगळ्यात महत्त्वाचा. आपल्या भागात विहिरींच्या कामामुळे ट्रॅक्टरवरचे कॉम्प्रेसर घेऊन फिरणारे आणि हातचं शिकलेले पुष्कळ आहेत. ‘मी शंभर विहिरी फोडल्यात’ म्हणजे परवाना नव्हे.

होल मारताना तुमच्याकडून होणारी घातक चूक एकच. आधीच्या बाराचं अर्धं राहिलेलं भोक दिसतं, आणि त्यातच ड्रिल घातलं की सोपं जाईल असं वाटतं. त्या भोकाच्या तळाला न फुटलेलं जिलेटीन असू शकतं. जुन्या भोकात पुन्हा ड्रिल घालायचं नाही, कधीच नाही.

भरलेल्या होलांच्या आसपास विडी-सिगारेट नाही, मोबाईल नाही. आणि विजा. मराठवाड्यात मे-जूनमध्ये वळवाचा पाऊस दुपारनंतर येतो, नेमका बार भरून ठेवायच्या वेळेला. आभाळ लांब गडगडलं तरी भरलेल्या होलांपासून सगळ्यांनी लांब जायचं, ब्लास्टरनेही. वीज पडून बार आपोआप उडू शकतो. काम राहिलं तर राहू द्या.

बार उडायच्या आधी भोंगा किंवा शिट्टी होते, लाल झेंडे लागतात. तुमच्या खदानीतला इशारा कसा असतो, किती वेळा वाजतो, सगळं मोकळं झाल्याचा इशारा वेगळा कसा, हे पहिल्या दिवशी विचारून घ्या. उडणारा दगड किती लांब येतो याचा अंदाज डोळ्यांनी लागत नाही. मी पाचशे मीटरच्या आत कुणाला उघड्यावर उभं राहू देत नाही. आत राहणं भागच असेल तर लोखंडी छपराचा पक्का आडोसा हवा. झाडामागे उभं राहणं म्हणजे आडोसा नव्हे, कारण दगड वरून येतो. मोबाईलवर व्हिडिओ काढायला काठावर जाणारी पोरं मी हाताला धरून मागे ओढली आहेत.

बार उडाला की सगळे धावत खाली जातात, कारण डबर भरायची घाई. थांबा. धूर आणि धूळ पूर्ण बसू द्या. तो धूर विषारी असतो, विशेषतः पिवळट-नारिंगी दिसला तर. पहिला माणूस खाली जातो तो ब्लास्टर, तो बार मोजतो. दहा लावले आणि नऊच आवाज आले तर एक फुसका राहिला आहे, आणि तो अजून उडू शकतो. वातीचा बार असेल तर निदान अर्धा तास कुणीही जवळ जायचं नाही. पुढे त्याचं काय करायचं हे ब्लास्टर ठरवतो. बाहेर आलेली वायर ओढायची नाही, माती उकरायची नाही. डबर भरताना कांडीचा तुकडा किंवा छोटी चकचकीत नळी, म्हणजे टोपी, दिसली तर हात न लावता तिथंच थांबा आणि आवाज द्या. ती नळी पोरांना खेळायला मिळाली तर बोटं जातात, डोळे जातात.

क्रशर

इथं दगड पडायची भीती कमी, पट्ट्याची भीती जास्त. पट्टा जिथं रोलरला भेटतो तिथं तो बोट, बाही, पदर, गमछा काहीही आत ओढतो. तो चावा इतका जलद असतो की हात मागे घ्यायची बुद्धी व्हायच्या आत कोपरापर्यंत गेलेलं असतं. क्रशरवर काम करताना गळ्यात गमछा नको, बाह्या मोकळ्या नकोत. बायकांनी पदर आणि वेणी घट्ट खोचून वरून शर्ट घालावा, आणि बांगड्या, मंगळसूत्र आत घ्यावं किंवा घरी ठेवावं. रोलरवर जाळी बसवलेली असायला हवी, आणि पट्ट्याच्या कडेने ओढून मशीन बंद करायची दोरी हवी. ती दोरी कुठं आहे ते अंधारातही सापडायला हवं.

जबड्यात दगड अडकला की मशीन चालू ठेवून पहारेने तो ढोसायची पद्धत सगळीकडे आहे. पहार उडून छातीत बसते, नाहीतर माणूसच तोल जाऊन आत जातो. मशीन बंद करा, आणि नुसतं बटण बंद करून भागत नाही. मेन स्विचला कुलूप लावा, किंवा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा. जो आत हात घालणार आहे त्याच्याच खिशात. वीज जाऊन परत येते तेव्हाही मशीन आपोआप चालू होऊ शकतं. आपल्याकडे वीज कशी जाते-येते ते तुम्हाला माहीतच आहे.

धूळ

दगडाने माणूस एका क्षणात जातो, धुळीने पंधरा वर्षांनी. म्हणून धुळीला कुणी घाबरत नाही.

एक बारकावा सांगतो, कारण आपल्याकडे दोन जातीचे दगड आहेत आणि धोका सारखा नाही. जालना, छत्रपती संभाजीनगर, बीड, परभणी, लातूर, बहुतेक सगळीकडे काळा बेसॉल्ट आहे. छाती खराब करणारी जी मोकळी सिलिका, ती बेसॉल्टमध्ये कमी असते. पण त्याच्या पोकळ्यांत गारगोटी, म्हणजे सिलिकाच, भरलेली असते, म्हणून ही धूळ निर्धोक समजू नका. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला मात्र, देगलूर, बिलोलीच्या बाजूला ग्रॅनाईट लागतो, दाणेदार, लालसर-करडा. ग्रॅनाईटमध्ये गारगोटीचे दाणे भरपूर असतात आणि त्याची धूळ फार वाईट. तिकडे ड्रिल किंवा कटरवर काम मिळालं आणि पाण्याची सोय नसेल, तर मी म्हणेन ते काम सोडा.

डोळ्यांना दिसणारी धूळ नाकात अडकते, थुंकीतून बाहेर पडते. खरी घातक धूळ दिसत नाही. केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक कण फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात, तिथं जखमा करतात आणि फुप्फुस हळूहळू कडक होत जातं. हा सिलिकोसिस. याला औषध नाही. गमछा, रुमाल, उपरणं यातून हा कण सरळ आरपार जातो. एन-९५ दर्जाचा मास्क हवा, तोही नाकाजवळ घट्ट बसलेला.

पण मास्क शेवटचा उपाय. पहिला उपाय पाणी. होल मारताना ड्रिलमधून पाणी सोडलं तर धूळ उठतच नाही. क्रशरच्या जबड्यावर आणि पट्ट्याच्या टोकाला फवारे, चाळणीवर पत्र्याचं झाकण, रस्त्यावर टँकर. उन्हाळ्यात मालक म्हणतो, ‘प्यायला पाणी नाही आणि फवाऱ्याला कुठून आणू?’ आपल्या भागात हा प्रश्न खोटा नाही, मला कळतो. तरीही खदानीतच साचलेलं पाणी फवाऱ्याला चालतं, आणि बऱ्याच खदानींत ते मेपर्यंत टिकतं. तोवर तुम्ही आपल्या परीने एवढं करा, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभे राहा, म्हणजे धूळ तुमच्यापासून लांब जाईल. घरी जाऊन लेकराला उचलायच्या आधी कपडे बदला.

खोकला आला, चालताना दम लागायला लागला, वजन उतरलं तर सरकारी दवाखान्यात जाऊन पहिलं वाक्य हे बोला, ‘मी दगडाच्या कामावर आहे, इतकी वर्षं.’ हे सांगितलं नाही तर एक्स-रे बघून क्षयरोगच धरला जातो आणि सिलिकोसिस नोंदवला जात नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात, सिलिकोसिसच्या माणसाला क्षयरोग लवकर गाठतो. सिलिकोसिस हा कामामुळे होणारा आजार म्हणून कायद्यात नोंदलेला आहे, त्याची भरपाई मिळते, पण कागदावर निदान असेल तरच. तुमचा पहिला एक्स-रे जपून ठेवा. कामाला लागताना छाती चांगली होती, याचा पुरावा तोच आहे.

लेकरं आणि जुन्या खदानी

जोडप्याने कामावर जाणारी माणसं खदानीजवळच पाल टाकतात. बंद पडलेल्या खदानीत पावसाळ्यानंतर तळं होतं, काठ उभा, पाय टेकायला उतार नाही, त्यामुळे पोहता येणारं पोरही वर येऊ शकत नाही. पाल अशा पाण्यापासून लांब घाला, काठाला काटेरी फांद्यांचं कुंपण करा, आणि धुणं धुवायला लेकरांना तिथं नेऊ नका.

अपघात झालाच तर

पहिलं, दुसरा दगड येणार आहे का ते वर बघा. वाचवायला धावलेला माणूस त्याच कड्याखाली सापडतो.

१०८ला फोन लावताना खदानीचा पत्ता सांगता यायला हवा. ‘अमुक पाटलांची खदान’ म्हणून रुग्णवाहिका येत नाही. गाव, गट नंबर, डांबरी रस्त्याचा फाटा आणि एक ठळक खूण आजच मोबाईलमध्ये लिहून ठेवा, आणि फोन लागतो कुठं तेही बघून ठेवा, कारण खदानीच्या तळाला रेंज नसते. एक माणूस फाट्यावर उभा करा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि सोडू नका. पाठीला किंवा मानेला मार असेल तर माणसाला हात-पाय धरून उचलू नका, फळीवर किंवा दारावर सरळ सरकवा. मोठी इजा असेल तर वाटेत दोन छोट्या दवाखान्यांत वेळ घालवण्यापेक्षा छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, नांदेड किंवा लातूरचं शासकीय रुग्णालय, जे जवळ असेल तिथं चला. दवाखान्यात ‘घरी पडला’ असं सांगायला लावतील. खदानीत, कामावर असताना, असंच सांगा आणि तसंच लिहून घ्या.

माणूस गेला असेल किंवा गंभीर जखमी असेल तर खाण निरीक्षकांना कळवणं मालकावर बंधनकारक आहे, आणि निरीक्षक बघेपर्यंत जागा हलवायची नसते. रात्रीत जेसीबी लावून जागा साफ होते, हे मी पाहिलं आहे. त्याआधी फोटो काढून ठेवा, पोलिसांत खबर द्या, पंचनामा करून घ्या.

मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुकादम घरी येतो. पन्नास हजार, लाख रुपये समोर ठेवतो आणि बॉण्डवर अंगठा मागतो की आमची काही तक्रार नाही. घरात सुतक असतं, हातात पैसा नसतो, आणि अंगठा दिला जातो. म्हणून हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. १९२३च्या भरपाई कायद्यापासून चालत आलेली रीत अशी आहे की हक्क सोडून देणारा असा करार ग्राह्यच धरला जात नाही, आणि मृत्यूची भरपाई मालकाने भरपाई आयुक्तांकडे जमा करायची असते, घरी आणून द्यायची नसते. आकडाही कळू द्या. तीस वर्षांचा माणूस, महिन्याची मजुरी पंधरा हजार धरली, तर तिचे निम्मे साडेसात हजार गुणिले वयाप्रमाणे ठरलेला २०७.९८ हा अंक, म्हणजे १५,५९,८५० रुपये. लाखभराच्या बॉण्डसमोर हा आकडा ठेवून बघा. माणूस ठेकेदाराचा असला तरी ज्याच्यासाठी काम चाललं होतं त्या मालकाकडे भरपाई मागता येते.

दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिला, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि औद्योगिक कामगार यांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जाताना हजेरीच्या रजिस्टरचा तो फोटो, पहिला एक्स-रे, दवाखान्याचे कागद आणि पंचनाम्याची प्रत बरोबर न्या.